अस्थी : निरंक

मास्तरांना मास्तर हे नाव मी दिलं नाही, पण ते टिकावं म्हणून मेहनत मात्र मी पुष्कळ घेतली. हा माणूस शाळेत एकाच इयत्तेत तीन वर्षं बसला आणि तरी भेटेल त्याला शिकवत सुटायचा. माळ्याला झारी कशी धरावी, गाडीवाल्याला गाडी कुठून वळवावी, आणि मला पेन कुठलं वापरावं. मी एकतीस वर्षं या दहनगृहाच्या खिडकीमागे बसून नोंदी लिहिते आहे. "बाई, शाई पसरते. बॉलपेन घ्या," हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मी हट्टाने शाईचंच पेन धरून बसले. बाकीचे लोक मला पाठीमागे खिडकीबाई म्हणतात. म्हणोत बापडे.

मास्तर भट्टी चालवतात. आमच्या आवारात पुढे जुनी दफनभूमी आहे, पण तिच्यात आता पाय ठेवायला जागा नाही. नवा खड्डा खणायला बंदी येऊन वीस वर्षं झाली. त्यामुळे लहान असो की मोठा, जो येतो तो मागच्या शेडमधल्या गॅसच्या भट्टीकडेच. शेडच्या बाजूला एक लांब भिंत आहे आणि तिला कोनाडे आहेत. ज्यांना अस्थी घरी न्यायच्या नसतात ते त्या कोनाड्यात डबा ठेवतात आणि पुढे नावाची फरशी बसवून घेतात. भिंतीसमोर एक बाक आहे. एवढाच आमचा कारभार.

लोकांना वाटतं, भट्टी चालवायची म्हणजे दार उघडायचं, पेटी आत सरकवायची, दार लावायचं. मीसुद्धा पहिली सहा-सात वर्षं, मास्तर येईपर्यंत, तसंच समजत होते. मास्तरांनी माझी शिकवणी घेतली, मी मागितलेली नसताना. सकाळी भट्टी गार असते, पहिल्याला अडीच तास लागतात. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत विटा लाल झालेल्या असतात, मग सव्वा तासात होतं. अंगाने भारी माणूस असेल तर त्याला सकाळी पहिला घ्यायचा, कारण तापल्या भट्टीत चरबी एकदम पेट घेते, चिमणीतून काळा धूर निघतो आणि आजूबाजूच्या इमारतींतून माझ्या टेबलावरचा फोन खणखणायला लागतो. गुडघ्यात बसवलेलं स्टील जळत नाही, ते शेवटी बादलीत जमा होतं. कुणी प्रेमाने मेलेल्याच्या खिशात अत्तराची बाटली ठेवतं, ती आत फुटते आणि मास्तर बाहेर दचकतात.

सगळ्यात वाईट म्हणजे छातीतलं ते हृदयाचं यंत्र. डॉक्टरने काढायचं असतं, पण एकदा राहून गेलं, आणि आत असा स्फोट झाला की भट्टीच्या दाराची वीट तडकली. त्या दिवसापासून मास्तर पेटी बंद करण्याआधी प्रत्येकाच्या छातीवर स्वतःचा तळवा ठेवतात, जरा दाबून, गाठ लागते का बघतात. नातेवाइकांना वाटतं, केवढा मायाळू माणूस! कितीतरी बायका ते बघून रडल्या आहेत. मी कुणाचाच गैरसमज दूर केला नाही. मास्तरांनीही नाही, आणि पुढेपुढे मला वाटायला लागलं की तो गैरसमज नसावाच.

राग मात्र त्यांच्या नाकावर. आणि एकदा एखादी गोष्ट शिकले की ती दगडावरची रेघ. त्यांना हे काम शिकवणाऱ्या जुन्या भट्टीवाल्याने जे जे सांगितलं, ते त्यांनी पंचवीस वर्षं तसंच्या तसं पाळलं. त्यातलीच एक गोष्ट होती: तान्ह्या बाळांचं काही उरत नाही.

हे वाक्य मी खिडकीतून स्वतः बोलले आहे. किती आयांना, किती बापांना, मोजलं नव्हतं तोवर बरं होतं. बाळाला घेऊन आलेली माणसं मोठ्याने बोलत नाहीत, कागदावर सही कुठे करायची तेही दोनदा विचारतात, आणि शेवटी कुणीतरी हळूच विचारतं, "अस्थी कधी मिळतील?" मग मी चष्मा काढायचे आणि सांगायचे, "तान्ह्या बाळांचं काही उरत नाही हो." आणि रजिस्टरमध्ये अस्थींच्या रकान्यात लिहायचे, निरंक.

मास्तरांनी लग्न केलं नाही. धाकट्या बहिणीच्या घरी वरच्या खोलीत राहतात. बहीण इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. तिचा नवरा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. म्हणजे घरात ही दोन भावंडंच. तिच्याबद्दल मास्तर कधी गोड बोललेले मी ऐकले नाहीत, पण डबा तिच्या हातचा नसला तर ते जेवायचे नाहीत.

सोळा वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली. लग्नानंतर नऊ वर्षांनी. मास्तरांनी खिडकीशी येऊन मला सांगितलं ते शिकवायच्याच सुरात, की बाळाचं डोकं धरताना मानेखाली हात हवा, लोकांना कळत नाही. त्यांना कुठून कळलं कोण जाणे. अकराव्या दिवशी मुलगी गेली. झोपेतच.

मास्तरांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मला तो दिवस नीट आठवतो, कारण ती पांढरी पेटी माझ्याच खोलीत दोन खुर्च्या जोडून ठेवली होती. सकाळी भट्टी मोकळी होती. मी म्हटलं, "मास्तर, आधी हिला घ्या, पोरीचे हाल नकोत, बहीण बाहेर बसली आहे." तर ते म्हणाले, "गार भट्टीत नाही घालायचो मी तिला. अडीच तास लागतात. माझ्या लेकराने अडीच तास आत काढायचे? आधी दोघांना घेतो, भट्टी लाल होऊ दे. मग हिचं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर होऊन जाईल."

आणि दुपारपर्यंत हा माणूस शेड ते माझी खोली अशा येरझारा घालत राहिला. भट्टी बघायची, परत येऊन पेटीपाशी बसायचं. दोन मोठी माणसं झाल्यावर त्यांनी तिला नेलं, भट्टीत वारा भरणारा पंखा पूर्ण सोडला, आणि खरंच वीस मिनिटांत संपलं. ते बाहेर आले. बहीण बाकावरून उठली. त्यांनी दोन्ही हात तिच्यासमोर धरले, रिकामे, आणि म्हणाले, "काही उरलं नाही गं. सगळीच्या सगळी गेली."

ती बाई त्या वाक्यावर जगली. पुन्हा मूल झालं नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणायची, "शहाणी होती माझी. मागे काही ठेवून नाही गेली, सगळीच्या सगळी गेली." हे म्हणताना तिचा चेहरा शांत असायचा. मी पाहिलेलं आहे, म्हणून सांगते.

मागच्या वर्षी भट्टीच्या आतल्या विटा बदलायच्या होत्या. त्या कामाला एक म्हातारा मिस्त्री आला, खोकला मागे लागलेला, आयुष्यभर गावोगावच्या भट्ट्या दुरुस्त करत फिरलेला. भट्टी किती वापरली गेली आहे ते बघायला त्याने माझं रजिस्टर मागितलं. पानं उलटताना तो थांबला.

"हे निरंक काय?"

"बाळांचं काही उरत नाही," मास्तर म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"पंचवीस वर्षं मी म्हणतो."

मिस्त्री खोकला, मग विचारलं, "बाळाला कधी घेता तुम्ही?"

"भट्टी तापली की. पटकन व्हावं म्हणून."

"आणि पंखा?"

"पूर्ण."

"अहो मास्तर, मग कसं उरेल? बाळाची हाडं म्हणजे कागद. एवढ्या वाऱ्यात अन् एवढ्या आगीत राहील का काही? गार भट्टीत, सकाळी पहिलं घ्या. लोखंडी ट्रेमध्ये ठेवा, पंखा बंद, ज्योत अंगावर नाही सोडायची, बाजूने. तीन तास लागू देत. उरतं. मी जिथे जिथे गेलो तिथे उरतं."

"मला शिकवू नका," मास्तर म्हणाले, आणि शेडमध्ये निघून गेले. दिवसभर त्यांनी मिस्त्रीशी शब्द काढला नाही. पण आठ दिवसांनी शेडच्या कोपऱ्यात मला एक नवा ट्रे दिसला. जाड पत्र्याचा, चारी कडा वर वळवलेल्या. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ट्रे कसा बनवतात यावर तासभर ऐकावं लागलं असतं, असं मी तेव्हा मनात म्हटलं. खरं म्हणजे मला भीती वाटली होती.

मग एका पहाटे एक जोडपं आलं, पाच दिवसांचं बाळ घेऊन. बाप हेल्मेट छातीशी धरून उभा होता, ते खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं. त्याने अस्थींचं विचारलं. मी सवयीने चष्मा काढला, तेवढ्यात मागून मास्तर म्हणाले, "बाई, थांबा. आज काही सांगू नका."

सकाळी सातला त्यांनी भट्टी लावली. साडेतीन तास ते दाराच्या भोकाला डोळा लावून उभे होते. एकदा मी चहा नेला, तो तसाच गार झाला. मग ट्रे बाहेर आला, निवला, आणि मास्तरांनी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्यांना एकट्याने बघवत नव्हतं.

अर्धी ओंजळही नसेल. पण होतं. बारीक काड्यांसारख्या बरगड्या, ओळखू येणाऱ्या. मांडीचं हाड, माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढं. मोठ्या माणसांची हाडं यंत्रात दळून देतात, मास्तरांनी ही दळली नाहीत. कापसात ठेवून डबीत भरली. बापाने डबी उघडून पाहिली आणि म्हणाला, "एवढं राहतं?"  आईने ती डबी शालीच्या आत घेतली आणि दोन्ही हातांनी धरून गाडीवर जाऊन बसली.

ते गेल्यावर मास्तर माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. "बाई, जुनं रजिस्टर काढा."

कुठलं, ते मला सांगावं लागलं नाही. मी पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. वय अकरा दिवस, स्त्री, अस्थी निरंक. शाई पसरलेली.

"मी तिला थांबवून ठेवली," मास्तर म्हणाले. "सकाळी भट्टी गार होती, मोकळी होती. तुम्ही म्हणालात सुद्धा. मी मुद्दाम तिला दुपारपर्यंत थांबवून ठेवली, बाई. आग वाढेस्तोवर."

 मला स्वतःचीच घाण वाटत होती. त्या संध्याकाळी मी सगळी रजिस्टरं काढून बसले. माझ्या अक्षरातले दोनशे बारा निरंक. दोनशे बारा घरांना मी चष्मा काढून खोटं सांगितलं होतं, आणि वर ते चांगुलपणाने सांगितलं होतं.

तरी मी मास्तरांना म्हटलं, "बहिणीला सांगू नका. तिचं ती सावरली आहे. आता तिच्या हातातलं तेवढं एक वाक्य काढून घेऊन तिला देणार काय तुम्ही?" ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला बरोबर म्हटलं आणि मी चुकले होते.

कारण मास्तरांनी तिला सांगितलं तर नाही, पण तिच्या ताटावर त्यांना बसवेनाही. पित्त झालंय म्हणाले. डबाही न्यायचं बंद केलं. महिनाभरात गळ्याची हाडं दिसायला लागली. भट्टीचं काम मात्र चोख. दोन बाळं आली, दोघांच्या डब्या त्यांनी आईबापांच्या हातात दिल्या.

एक दिवस बहीणच डबा घेऊन खिडकीशी आली. "बाई, दादाला काय झालंय?"

"अगं, पित्त. वय झालं आता."

"पित्त फक्त माझ्याच घरी होतं का त्याला? माझ्याकडे बघत नाही तो. काय केलंय मी?"

 मागे मास्तर येऊन उभे होते, हातमोजे काढत. त्यांनी ऐकलं होतं. "तू नाही काही केलंस. मी केलंय," ते म्हणाले, "आत ये."

माझ्याच खोलीत त्यांनी सांगितलं. मी उठून जायला निघाले तर म्हणाले, "बाई, बसा." एका दमात, खाली बघत, मिस्त्री, ट्रे, पंखा, ती सकाळ, सगळं. पहिल्यांदाच ते असं बोलत होते की त्यात शिकवणं नव्हतं.

तिने डब्याचं झाकण घट्ट लावलं. लावलेलंच होतं, तरी पुन्हा दाबलं. मग विचारलं, "किती?"

"अं?"

"किती उरलं असतं?"

मास्तरांनी तळहात थोडा खोल करून दाखवला. तिने त्या हाताकडे बघितलं.

"सोळा वर्षांपूर्वी तू मला रिकामे दाखवले होतेस."

"मला खरंच तसं वाटत होतं गं."

"माहीत आहे मला, तुला खरंच वाटत होतं. म्हणून तर तुझ्यावर ओरडताही येत नाही." आणि मग तिने असं काही विचारलं, जे आम्हा दोघांच्या डोक्यातही आलं नव्हतं. "मग गेलं कुठे ते?"

मास्तर गोंधळले. "काही चिमणीतून गेलं असेल. काही विटांच्या फटीत बसलं असेल. आणि बाकी..."

"बाकी?"

"बाकी पुढच्याबरोबर निघालं असेल. दाताळ्याने ओढून काढतो ना आम्ही. तळाला असलेलं सगळं पुढच्याच्या डब्यात जातं."

"पुढचं कोण होतं?"

मी रजिस्टर ओढलं. हाताला काही काम मिळालं याचंच मला बरं वाटलं. तिच्या मुलीच्या खालची ओळ वाचली. वय एक्क्याऐंशी, स्त्री, विधवा. अस्थी मिळाल्या. कोनाडा एकशे चौदा.

ती डबा माझ्या टेबलावर तसाच ठेवून बाहेर गेली. खिडकीतून दिसत होतं, फरशांवरचे नंबर वाचत वाचत ती भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेली, वाकली, आणि एका फरशीवर हात ठेवून उभी राहिली. मास्तर जागचे हलले नाहीत. मला आयुष्यात कुणाची इतकी दया आली नसेल जितकी त्या दोघांची आली, आणि दोघांमधल्या कुणाकडे आधी जावं ते मला कळलं नाही, म्हणून मी कुणाकडेच गेले नाही.

तेव्हापासून ती दर रविवारी येते. फरशी पुसते, बाकावर बसते, जाते. मास्तरांना घरी ताट वाढलेलं असतं, पाण्याचा तांब्या भरलेला असतो, पण ती समोर बसत नाही, आतल्या खोलीत जाते. "उपाशी ठेवलं असतं तर बरं वाटलं असतं, बाई," ते मला म्हणाले. मी म्हटलं, थोडा वेळ जाऊ द्या. बोलायचं म्हणून बोलले.

एकशे चौदाचा एक मुलगा आहे. मुलगा म्हणजे निवृत्त झालेला गृहस्थ, गुडघ्यांनी हैराण. वर्षातून एकदा, आईच्या तारखेला येतो. या वर्षी ती तारीख रविवारी आली. त्याला मी फाटकातून येताना पाहिलं. त्याला सांगायला हवं होतं, हे मला मान्य आहे. त्याच्या आईच्या डब्यात काय आहे ते जाणून घ्यायचा हक्क त्याचा आहे. मी सांगितलं नव्हतं, मास्तरांनीही नाही. नोकरीच्या भीतीने नव्हे. त्याने डबा उचलून दुसरीकडे नेला तर ती कुठे बसणार, या भीतीने.

मी खोलीतून बाहेर आले. मास्तरही शेडच्या दारात आले होते. त्यांच्यापासून बाक दहा पावलांवर.

तो गृहस्थ बाकापाशी पोचला तेव्हा ती फरशीवरची धूळ पुसत होती. त्याने पिशवी बाकावर ठेवली, जरा वेळ बघितलं, मग अदबीने विचारलं, "तुम्ही आईच्या ओळखीच्या का?"

ती वळली. घाबरलेली अजिबात नव्हती.

"ओळख नाही हो," ती म्हणाली. "माझी मुलगी असते त्यांच्याकडे."

 त्याने फरशीकडे बघितलं, तिच्या हातातल्या फडक्याकडे बघितलं. त्याला किती समजलं ते मला सांगता येणार नाही. 

"केवढी आहे?" त्याने विचारलं.

"अकरा दिवसांची."

त्याने मान हलवली, हळूहळू, दोन-तीनदा. मग पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि तिला बसायला जागा करून दिली. "आईला पोरांची हौस होती फार," तो म्हणाला. ती बसली. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

मास्तरांनी सगळं ऐकलं होतं. बाकावर अजून एका माणसापुरती जागा होती. त्यांना कुणी बोलावलं नाही, आणि ते आपणहून गेले नाहीत.